अनुमोदनाची सही

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी थोरल्या बंधूंच्या घरी गेलो होतो. चौविहार आटोपला होता. आतल्या खोलीत वहिनी सामायिकात बसल्या होत्या आणि बाहेर दिवाणखान्यात त्यांचा अकरावीतला नातू क्रिकेटचा सामना पाहत होता. सीमारेषेजवळ एका तरुण क्षेत्ररक्षकाच्या हातातून सोपा झेल सुटला. नातू ताडकन उठला आणि ओरडला, "याला उभा करून गोळ्या घातल्या पाहिजेत!"

आम्ही कोणीच काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्यात बोलण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटलेच नाही. सामायिक पुरी करून वहिनी बाहेर आल्या आणि शांतपणे त्यांनी विचारले, "बाळा, कोणाला गोळ्या घालत होतास?"

"आजी, ती बोलायची पद्धत असते. मॅच बघताना सगळेच बोलतात."

वहिनी म्हणाल्या, "माझी सामायिक पुरी व्हायला दहा मिनिटं होती. माझं मन तुझ्या त्या गोळीमागे गेलं. मी उद्या सकाळी ती सामायिक पुन्हा करीन. तू काय करशील?"

मुलगा हसला आणि पुन्हा सामना पाहू लागला. मी मात्र घरी परतलो तो बत्तीस वर्षांपूर्वीचे एक नाव मनात घेऊन. ते नाव आंद्रेस एस्कोबार. माझ्या पिढीतील फुटबॉलप्रेमींना ते विसरता आलेले नाही. या जूनच्या ११ तारखेपासून पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत खेळला जाणार आहे. १९९४ नंतर प्रथमच तो अमेरिकेच्या भूमीवर परततो आहे. आपल्या घरांतील मुले रात्री जागून सामने पाहतील. त्यापूर्वी त्या १९९४ च्या स्पर्धेतील ही एक कथा घरातील सर्वांनी मिळून वाचावी, एवढ्यासाठी या महिन्याचे सदर तिला दिले आहे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात मेदेयीन नावाचे शहर आहे. डोंगरांनी वेढलेले, सुखद हवामानाचे, उद्यमी लोकांचे शहर. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापाराने या शहराला ग्रासले होते. तेथील प्रबळ टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार हा डिसेंबर १९९३ मध्ये पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. त्याचे आणि आपल्या कथानायकाचे आडनाव एक असले तरी दोघांत नाते नव्हते. म्होरक्या गेला, पण बंदूक हेच उत्तर मानण्याची सवय मागे राहिली. त्या काळी मेदेयीनची गणना जगातील सर्वाधिक खून होणाऱ्या शहरांत होत असे.

अशा शहरात १३ मार्च १९६७ रोजी आंद्रेसचा जन्म झाला. तो बचावपटू होता. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घ्यावा, पण माणसाला इजा करू नये, अशी त्याच्या खेळाची रीत होती. बचावपटूच्या कामात धसमुसळेपणा हा जवळजवळ व्यवसायाचा भाग समजला जातो, आणि म्हणूनच त्याच्या देशबांधवांनी त्याला 'फुटबॉलमधला सभ्य गृहस्थ' अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. मेदेयीनच्या आतलेतिको नासिओनाल या क्लबकडून तो खेळत असे. १९८९ साली या क्लबने दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. कोलंबियाच्या कोणत्याही क्लबला तोवर तो मान मिळाला नव्हता. देशाच्या संघासाठी त्याने एकच गोल केला, तो १९८८ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध.

१९९४ च्या विश्वचषकाला कोलंबियाचा संघ मोठ्या अपेक्षांचे ओझे घेऊन गेला. सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांनी अर्जेंटिनाला त्यांच्याच राजधानीत, ब्वेनोस आयरेसमध्ये, ५-० असे पराभूत केले होते. त्या विजयानंतर कोलंबियात जो आनंदोत्सव झाला, त्यातही अनेकांचे प्राण गेले. आनंद साजरा करतानादेखील तेथे आवर उरला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साक्षात पेले यांनी या संघाला विश्वविजेतेपदाचा दावेदार ठरवले होते.

प्रत्यक्षात पहिल्याच सामन्यात रुमानियाने त्यांना ३-१ असे हरवले. दुसरा सामना यजमान अमेरिकेशी होता, २२ जून रोजी, कॅलिफोर्नियातील पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर. त्या सामन्यापूर्वी संघाच्या निवासस्थानी धमक्या पोहोचल्या. मध्यरक्षक गाब्रिएल गोमेझला खेळवले तर परिणाम बरे होणार नाहीत, असा त्यांचा आशय होता. प्रशिक्षक फ्रान्सिस्को मातुराना यांनी गोमेझला वगळले. अकरा तरुण मैदानात उतरले ते मनात अशी भीती घेऊन.

पस्तिसाव्या मिनिटाला अमेरिकेच्या जॉन हार्क्सने डाव्या बाजूने गोलासमोर चेंडू धाडला. तो आडवण्यासाठी आंद्रेसने अंग झोकून पाय लांबवला. चेंडू त्याच्या पायाला लागला आणि दिशा बदलून त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला. गोलरक्षक त्या क्षणी दुसऱ्या बाजूला झुकला होता. आंद्रेस क्षणभर पाठीवर पडून राहिला, मग उठला आणि पुन्हा खेळू लागला. तो सामना कोलंबियाने २-१ असा गमावला. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडला २-० असे हरवले, पण तरीही ते स्पर्धेतून बाहेर पडले.

अनेक वर्षांनी, २०१० साली निघालेल्या एका माहितीपटात आंद्रेसच्या बहिणीने त्या दिवसाची आठवण सांगितली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर घरी सामना पाहत होता. स्वयंगोल होताच तो म्हणाला की आता मामाला मारतील. तिने त्याची समजूत घातली. चुकीसाठी कोणी कोणाला मारत नसते आणि आंद्रेसवर तर साऱ्या देशाचे प्रेम आहे, असे तिने त्याला सांगितले. वाचकहो, त्या दोघांपैकी शहराला अधिक नेमके कोणी ओळखले होते? नऊ वर्षांच्या मुलाने हा निष्कर्ष कोठून काढला असेल? त्याने कोणताही गुन्हा पाहिलेला असण्याची गरज नाही. आजूबाजूची माणसे चुकीविषयी कोणत्या भाषेत बोलतात, एवढे ऐकणे त्याला पुरेसे झाले असावे.

स्पर्धेनंतर आंद्रेसला अमेरिकेतच नातेवाइकांकडे काही दिवस राहता आले असते. तो मायदेशी परतला. आपल्या लोकांना तोंड दाखवले पाहिजे, अशी त्याची भावना होती. 'एल तिएम्पो' या बोगोटाच्या वृत्तपत्रात त्याने लेख लिहिला. हा अनुभव विलक्षण होता, परस्परांविषयीचा आदर राखू या, आयुष्य येथे संपत नाही, लवकरच पुन्हा भेटू, असा त्या लेखाचा आशय होता. सत्तावीस वर्षांच्या मुलाने आपल्या चुकीचा जाहीर स्वीकार करून, कोणावरही दोष न ढकलता लिहिलेला तो मजकूर होता. मोठमोठ्या संस्थांच्या संचालकांनाही जे साधत नाही, ते त्याला साधले होते.

१ जुलैच्या रात्री तो मित्रांबरोबर बाहेर पडला. काही दिवस घरीच राहा, असे सहकाऱ्यांनी सुचवले होते. २ जुलैच्या पहाटे मेदेयीनमधील एका मद्यगृहाच्या वाहनतळावर काही माणसांनी त्याला स्वयंगोलावरून डिवचले. आपल्या गाडीत बसलेल्या आंद्रेसने त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. शब्दाने शब्द वाढला, आणि त्या माणसांबरोबर असलेल्या त्यांच्या चालक-अंगरक्षकाने त्याच्यावर सहा गोळ्या झाडल्या. स्वयंगोलानंतर अवघे दहा दिवस झाले होते.

मारेकऱ्याने गुन्हा कबूल केला. १९९५ मध्ये त्याला ४३ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे २६ वर्षांवर आली, आणि सुमारे अकरा वर्षे भोगून २००५ मध्ये तो सुटला. तो ज्यांच्या नोकरीत होता, त्यांच्यावर खुनाचा दोष कधीच शाबीत झाला नाही. सट्ट्यात मोठ्या रकमा बुडाल्यामुळे हा खून झाला असे पुष्कळ बोलले गेले. तेही न्यायालयात सिद्ध झालेले नाही.

आणि मग शोक. आंद्रेसच्या अंत्यदर्शनाला व अंत्ययात्रेला १ लाख २० हजारांहून अधिक लोक आले. राष्ट्राध्यक्ष सेसार गाविरिया स्वतः उपस्थित होते. नासिओनाल क्लबचे हिरवे-पांढरे झेंडे घेऊन रडणारी माणसे रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती. 'शांतीची शेते' अशा अर्थाचे नाव असलेल्या दफनभूमीत त्याला निरोप देण्यात आला. २००२ साली शहराने त्याचा पुतळा उभारला. आजही कोलंबियाच्या सामन्यांना त्याची छायाचित्रे घेऊन येणारे प्रेक्षक असतात.

तो शोक खरा होता, याविषयी मला शंका नाही. तरीही त्या गर्दीचा विचार करताना एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. दहा दिवसांपूर्वी, स्वयंगोल झाला त्या क्षणी, याच १ लाख २० हजारांपैकी किती जणांच्या तोंडून आंद्रेससाठी शिवी निघाली असेल? वहिनींच्या नातवाच्या तोंडून जे निघाले तसे वाक्य किती जणांनी उच्चारले असेल? त्यांतील एकाच्याही हाती पिस्तूल नव्हते. एकालाही त्याचे मरण नको होते. ती सर्वांची 'बोलायची पद्धत' होती.

ही पद्धत केवळ मेदेयीनची नव्हती. आंद्रेसच्या खुनाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जुलै १९९४ रोजी, बीबीसीवर अर्जेंटिना आणि रुमानिया यांच्या सामन्याचे समालोचन चालू होते. अ‍ॅलन हॅन्सन हे स्वतः नामांकित बचावपटू राहिलेले सभ्य समीक्षक. अर्जेंटिनाच्या एका बचावपटूची चूक दाखवताना, अशा चुकीसाठी त्याला गोळीच घातली पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. बीबीसीला क्षमा मागावी लागली. हॅन्सन यांच्या मनात काही दुष्टावा होता असे कोणीही म्हणणार नाही. ते वाक्य जिभेवर तयार होते, ते बाहेर पडले, इतकेच. पण नेमक्या त्या दिवशी ते ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, कारण एका देशात ते अक्षरशः खरे झाले होते.

येथे आपल्या धर्मविचाराची आठवण होते. हिंसेचा हिशेब आपल्याकडे एका रकान्यात मांडलेला नाही. मन, वचन आणि काया या तीन मार्गांनी कर्म घडते. आणि त्यांतील प्रत्येक मार्गाने ते तीन प्रकारांनी घडते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे, आणि कोणी करीत असता त्याला मनातून संमती देणे. कृत, कारित आणि अनुमोदित. तीन गुणिले तीन, असे नऊ रकाने. मेदेयीनच्या वाहनतळावर जे घडले, ते या नऊंपैकी एका रकान्यात, कायेने केलेले, असे नोंदले जाईल. न्यायालय तोच एक रकाना तपासू शकते, आणि त्याने तो तपासला. उरलेले आठ रकाने ज्याचे त्याने तपासायचे असतात.

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून अनुमोदन म्हणजे काय हे मला जामीनदाराच्या उदाहरणाने समजते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी कोणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली असेल. कर्ज मित्राचे, पैसा मित्राच्या खात्यात, धंदा मित्राचा. आपण केवळ एक सही केली, तीही चहाचा पेला हातात असताना, कागद न वाचता. पुढे हप्ते थकतात आणि बँकेची नोटीस आपल्या दारी येते. मग माणूस म्हणतो, "साहेब, मी एक रुपयाही घेतलेला नाही." हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. ते प्रत्येक वेळी खरे असे, आणि प्रत्येक वेळी निरुपयोगी ठरे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२८ स्पष्ट सांगते की करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते.

प्रेक्षागृहातून किंवा दिवाणखान्यातून उच्चारलेले 'याला गोळ्या घाला' हे वाक्य अशीच एक सही असते. आपण ती कोणत्या कागदावर केली, हे आपल्याला ठाऊक नसते. तो कागद कोणाच्या हाती पडेल, हेही ठाऊक नसते. लाखो माणसे सहज म्हणून ते वाक्य उच्चारतात, आणि त्यांपैकी एखाद्याच्या कमरेला खरोखरीचे पिस्तूल असते. त्या एकाला त्या पहाटे असे वाटले असेल का, की आपण जे करतो आहोत त्याला साऱ्या देशाची संमती आहे? त्याच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्याबरोबरच्या माणसांनी आंद्रेसला डिवचण्यासाठी जे शब्द वापरले, ते त्यांना स्वतः घडवावे लागले नव्हते. दहा दिवस देशभर तेच बोलले जात होते.

कोणी म्हणेल, हे फार ताणणे झाले. खून करणारा आणि सामना पाहून चिडणारा यांना एका पारड्यात कसे घालता येईल? तसे मी घालत नाही. गुन्हा मारेकऱ्याचा आहे, आणि त्याची शिक्षा त्यालाच झाली पाहिजे. शिवाय शास्त्रकारांनीही गृहस्थाची अडचण ओळखलेली आहे. श्रावक सामायिकाला बसतो तेव्हा तो 'करणार नाही, करविणार नाही' एवढाच नियम घेतो. अनुमोदनाचाही त्याग हा साधूंच्या महाव्रतांत येतो. संसारात राहून मनाची प्रत्येक संमती आवरणे कठीण, म्हणून श्रावकाला ही सूट आहे. पण सूट म्हणजे प्रोत्साहन नव्हे. बँकेने दुकानाला ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर केली, म्हणून ती रोज शेवटच्या रुपयापर्यंत उचलावी, असे कोणताही शहाणा व्यापारी करीत नाही. ती अडीअडचणीसाठी असते. आपण मात्र अनुमोदनाची मर्यादा प्रत्येक सामन्यात पूर्ण उचलतो, आणि ते उचलले हे आपल्या ध्यानीही येत नाही.

आता आणखी एका गोष्टीचा विचार करू. एका खेळाडूच्या चुकीवर आपल्याला इतका राग का येतो? मला वाटते, आपण त्याला आपला ऋणको समजू लागतो. आपण रात्र जागवली, तिकीट काढले, घसा कोरडा केला, म्हणजे त्याने आपल्याला विजय देणे लागते, असा एक खोटा खातेउतारा आपण मनात तयार करतो. व्यापाऱ्याने हा उतारा तरी बारकाईने तपासावा. तिकिटाच्या पैशांत खेळ पाहण्याचा हक्क विकत मिळतो, आणि तो खेळ आपण पाहिलेला असतो. विजयाचा सौदा कोणी केलेलाच नव्हता. मग थकबाकी कसली, आणि वसुली कोणाकडून?

सामन्यावर पैसे लावले की हा खोटा उतारा अधिकच खरा वाटू लागतो. सात व्यसनांच्या यादीत जुगाराचे नाव पहिले येते. त्याचे कारण केवळ धनहानी नसावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने मैदानावरचा मुलगा मुलगा राहत नाही. तो बुडीत खाते होतो. आपल्या समाजातील काही तरुणांच्या मोबाइलवर हे प्रकार पोहोचले आहेत, आणि त्यांचे वडील 'थोडीशी गंमत' म्हणून डोळेझाक करतात. रक्कम लहान असेल, पण हरल्यावर त्या मुलाच्या तोंडी खेळाडूसाठी कोणते शब्द येतात, ते वडिलांनी एकदा दाराआडून ऐकावेत.

आंद्रेसच्या मृत्यूने कोलंबिया कायमचा शहाणा झाला असता, तर त्या शोकाला काही फळ आले असे म्हणता आले असते. २०१८ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला कार्लोस सांचेझ याला लाल कार्ड मिळाले आणि संघ हरला. समाजमाध्यमांवर त्याला मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्यांत आंद्रेसच्या मरणाची आठवण करून देण्यात आली. पुढे ३ जुलै रोजी इंग्लंडविरुद्ध पेनल्टी हुकलेल्या मातेउस उरिबे आणि कार्लोस बाक्का यांनाही तेच सोसावे लागले. आंद्रेसच्या स्मृतिदिनाचा तो दुसराच दिवस होता. ज्या नावासाठी देश रडला, तेच नाव धमकीसाठी वापरले गेले.

आणि आपण तरी काय वेगळे केले? मार्च २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेशाकडून हार पत्करल्यावर रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला म्हणून तेवीस वर्षांच्या अर्शदीप सिंगवर देशद्रोहाचे आरोप करण्यापर्यंत लोकांची मजल गेली. दोन वर्षांनी टी-ट्वेंटी विश्वचषकात त्याच अर्शदीपने १७ बळी घेतले, तेव्हा त्याला डोक्यावर घेणारेही आपणच.

माझी स्वतःची पाटी कोरी आहे, असे मी भासवू इच्छित नाही. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. आपले आठ गडी १२० धावांत बाद झाले, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. त्या रात्री मी माझ्या घरात, पत्नी आणि मुलांसमोर, आपल्या फलंदाजांविषयी जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. दूरदर्शनवर बाटल्या फेकणारे दिसत होते, आणि मला ते पाहून वाईट वाटले नाही. 'यांना असेच पाहिजे', असे मी म्हणालो. आंद्रेसच्या खुनाची बातमी वाचून हळहळल्याला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या वर्षीच्या संवत्सरीला मी नातलगांना, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. त्या फलंदाजांची आठवणही मला झाली नाही. ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांच्याविषयी केलेली हिंसा आपण खात्यावर मांडतच नाही. ती नोंद माझ्याकडून तीस वर्षे राहून गेली होती. वहिनींच्या प्रश्नाने ती समोर आली.

शोक करणे सोपे असते, कारण मेलेल्या माणसाकडून चूक होत नाही. पुतळ्याच्या पायावरून चेंडू आपल्या जाळ्यात जात नाही. कठीण असते ते जिवंत खेळाडूला त्याच्या चुकीच्या क्षणी क्षमा करणे. आंद्रेसच्या अंत्ययात्रेला गेलेल्या माणसाने त्याला खरी श्रद्धांजली केव्हा वाहिली असती? पुढच्या वेळी कोणाचा पाय चुकेल, तेव्हा 'चूक झाली, खेळ पुढे चालू द्या', एवढे म्हणून. स्वतः आंद्रेसने मैदानात तेच केले होते. तो पडला, उठला, आणि खेळू लागला.

या विश्वचषकात ४८ संघ खेळणार आहेत. म्हणजे सामने पुष्कळ, आणि चुकाही पुष्कळ. कोणाचा तरी पाय चुकेल, कोणाची तरी पेनल्टी हुकेल, कोणाचा तरी स्वयंगोल होईल. त्यांतील बरेच जण आपल्या घरच्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. घरातील मोठ्यांना माझी एक साधी विनंती आहे. मुलांना सामने पाहू द्या. तो निर्मळ आनंद आहे आणि त्यात काही वावगे नाही. फक्त एक नियम घरात ठरवावा. खेळाडूच्या चुकीवर हवे तेवढे हळहळावे, त्याच्या खेळावर टीका करावी, पण मरणाचा शब्द तोंडातून निघू देऊ नये. निघालाच, तर सामना तेथेच थांबवून जो बोलला त्याने तत्क्षणी त्या खेळाडूचे नाव घेऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणावे. आपल्याकडे काही घरांत 'उत्तम क्षमा' म्हणण्याची रीत आहे, त्यांनी ते म्हणावे. संवत्सरीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रोजचा हिशेब रोज मांडणाऱ्या दुकानदाराला दिवाळीला वह्या लिहिताना त्रास होत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवलेच आहे.

हे सदर लिहिण्यापूर्वी मी वहिनींच्या नातवाला बोलावून आंद्रेसची ही हकीकत सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. मग त्याने विचारले, "काका आजोबा, त्या दिवशी कॅच सोडला तो कोण होता?" मला नाव आठवत नव्हते. त्यालाही आठवत नव्हते. ज्याला गोळ्या घालायला निघालो होतो, त्याचे नावही आम्हा दोघांना सांगता येईना. त्याने बसल्या बसल्या मोबाइलवर तो सामना शोधला, त्या मुलाचे नाव मोठ्याने वाचले, आणि आजीला सांगायला तो आत गेला.